वडिलांनी बांधलेला पडाव

"फळ्या नुसत्या काठाला काठ लावल्यायत तुम्ही," फोनच्या पडद्यावर वाकून भगवंत मेस्त्री म्हणाले. "पडाव असा बांधत नाहीत."

पलीकडे कोकणातल्या एका बंदरावर इरावती फोन धरून उभी होती. तिथल्या छोट्या संग्रहालयात ती कामाला होती. एक जुना पडाव, म्हणजे शिडाचं मालवाहू गलबत, दुरुस्त करून लोकांना बघायला ठेवायचं त्यांनी ठरवलं होतं. आत कोरलेल्या नावावरून तिने भगवंतांचा माग काढला. पडाव त्यांच्या वडिलांनी बांधलेला होता. त्या गावात आता असं काम येणारं कुणी उरलं नव्हतं.

भगवंत बाविसाव्या वर्षी ते गाव सोडून मध्य प्रदेशात देवासला आले, कारखान्यात ओतकामाचे लाकडी साचे बनवायला. सोबत थोरली बहीण, अक्का. आई गेल्यावर तिनेच त्यांना वाढवलं होतं. भावाचं लग्न लावून परत जाईन म्हणायची. लग्न झालंच नाही, आणि तीही राहिली. आता ती ऐंशीच्या पुढे होती आणि दोन वर्षांपासून भगवंतांखेरीज कुणालाच ओळखत नव्हती. ते नजरेआड झाले की घाबरायची. दूध आणायलासुद्धा ते जवळजवळ पळतच जात.

तिकडे येऊन सुतारांना शिकवायला इरावतीने आठ दिवस मागितले. शेजारच्या मोनाने अक्काची जबाबदारी घेतली. "काका, तुम्ही आरामात जा. आठ दिवस तर यूं निघून जातील," ती म्हणाली.

दूध आणतो असं अक्काला सांगून ते निघाले. इंदूरहून पुण्याच्या बसमध्ये त्यांना खिडकी मिळाली. कुणी हाक मारणार नव्हतं. त्यांनी पाय लांब केले. बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

बस सुटता सुटता मोनाचा फोन आला. अक्का दाराशी बसून होती, पाणीही घेत नव्हती. मागून तिची घोगरी हाक ऐकू येत होती. फोन बंद झाला तरी त्यांनी तो कानालाच धरून ठेवला. दोन चौक मागे पडले. तिसऱ्या चौकात त्यांनी बस थांबवायला सांगितली.

ते घरी पोचले तेव्हा दार बडवून अक्काचे तळवे लाल झाले होते.

"खंय गेल्लंस रे?"

"खंय नाय, अक्का."

पेज भरवताना तिने तोंड फिरवलं, तसा त्यांनी चमचा ताटलीत आपटला. ती दचकली. मग बराच वेळ ते तिचे तळवे चोळत बसले. येणं जमणार नाही, असं त्यांनी रात्री इरावतीला कळवलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सागाचे दोन तुकडे आणले आणि अक्काच्या खाटेशेजारी बसून जोड घडवला. एका फळीच्या काठाला खाच, दुसरीला त्या खाचेत बसणारी जीभ, मधे तेल आणि राळेत भिजवलेला कापूस. जोड कुरिअरने गेला. पुढचे दोन महिने इरावती रोज सकाळी फोन लावी, तिकडचे सुतार विचारत, भगवंत सांगत. अक्काने हाक मारली की सगळे थांबत.

डिसेंबरात पडाव लोकांसाठी खुला झाला. इरावतीने फोन सगळीकडे फिरवला. शाळेची मुलं पडावाच्या पोटात शिरत होती. बाहेर टेबलावर त्यांचा जोड ठेवला होता. लोक तो उघडून पाहत, पुन्हा बसवत. एका म्हाताऱ्या खारवी खलाशाने फळीवरून बोट फिरवलं आणि मान हलवली. त्याच्यामागे समुद्र होता, पण माणसांच्या गर्दीत नीट दिसत नव्हता. भगवंतांनी तिला फोन जरा वर धरायला सांगितलं नाही.

"काका, पाटीवर वडिलांच्या नावाखाली तुमचंही नाव घालतोय," ती म्हणाली. "गाव कोणतं लिहू? इथलंच ना?"

आतल्या खोलीत अक्का उठून बसली होती. तिने हाक मारायच्या आत ते दारात जाऊन उभे राहिले, तिला दिसतील असे.

"देवास," ते म्हणाले. "देवासच लिहा."