तांब्याच्या घासण्या

तळ्याचं पाणी हिरवंगार झालं होतं आणि अबोलीचं डोकं गरम. फिल्टरचा डबा उघडला तर आतला जुना स्पंज भुगा होऊन हातात आला.

नोव्हाय गावातलं हे घर घेतलं तेव्हा आधीच्या म्हाताऱ्या गोऱ्याने मागच्या अंगणातलं तळं आणि त्यातले पाच मोठे रंगीत कोई मासे फुकटात गळ्यात मारले होते. त्यांचं सगळं अबोलीच बघायची. जानेवारीत सतराव्या वर्षी तिने शाळा सोडली, तेव्हापासून दिवसभर करायला तेवढंच होतं.

"पुढच्या रविवारपर्यंत पाणी साफ दिसलं नाही तर मासे देऊन टाकायचे आणि खड्डा बुजवायचा," फार्मसीत रात्रपाळीला निघताना आई म्हणाली. "डास झालेत नुसते. आणि तुम्ही दोघं घरात असून..."

  गाड्यांच्या कंपनीने मार्चमध्ये बाबालाही घरी बसवलं होतं. दोन हजार सातचा उन्हाळा तो, गाड्यांच्या कंपन्यांतल्या कपातीचा. आजूबाजूच्या कितीतरी घरांत सकाळी दहा वाजता एखादा बाबा पायजम्यात दिसायचा.

दुकानातली फिल्टरमध्ये घालायची तयार मॅट परवडणारी नव्हती. मग अबोली डॉलर स्टोअरमध्ये लेबलं वाचत फिरली. भांडी घासायचा स्पंज? मागे बारीक अक्षरात लिहिलेलं, जंतू मारतो. म्हणजे घाण खाणारे चांगले जंतूही मारणार. गोधडीत भरायचा कापूस? त्याला आग लागू नये म्हणून कसलंतरी केमिकल फासलेलं. ठेवला परत. शेवटी प्लास्टिकच्या जाळीच्या घासण्या सापडल्या. साबण नाही, काही नाही. तिने चाळीस उचलल्या.

"खूप भांडी पडलीत वाटतं," काउंटरवरची बाई हसली.

"हो. लग्न आहे घरात," अबोली म्हणाली आणि निघाली.

देशी दुकानातून आणलेल्या कांद्याच्या जाळीच्या पिशवीत तिने घासण्या भरल्या, पिशवी डब्यात बसवली, पंप लावला. बाबा स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होता.

"शाळेत एवढं लक्ष देऊन वाचलं असतंस तर..."

"तू वाच ना मग. तुला कुठे ऑफिसला जायचंय!"

तोंडातून निघून गेलं. बाबाने खिडकी लावून घेतली. पुढचे चार दिवस दोघं एकमेकांना चुकवत घरात फिरत राहिले.

शनिवारी सकाळी पाणी स्वच्छ. तळाचे दगड मोजता येतील इतकं स्वच्छ. प्लास्टिकला एवढ्या लवकर हे जमणार नाही, अबोलीला लगेच खटकलं. मग तिने मासे बघितले. दोन तळाशी पंख मिटून पडलेले. केशरी ठिपक्यांचा सगळ्यात मोठा वर तोंड काढून हवा गिळत होता.

तिने डबा उघडला. हिरव्या घासण्यांच्या मधे काहीतरी लालसर चमकलं. तारेच्या घासण्या. आठ.

"बाबा!"

तो चहाचा कप घेऊनच बाहेर आला.

"हे काय आहे?"

"तांबं आहे. पाणी शुद्ध होतं त्याने. आजी रात्रभर तांब्याच्या हंड्यात पाणी ठेवायची, कधी कुणाचं पोट बिघडलं नाही."

"ते मासे आहेत बाबा, आजी नाही! तांबं विष असतं त्यांना!"

"रविवारच्या आत साफ व्हावं म्हणून मी..."

"तुला विचारलं होतं कुणी?"

"नाही," बाबा म्हणाला. "मला हल्ली कोण काय विचारतं?"

हातातली घासणी त्याच्या अंगावर फेकावी असं तिला वाटलं. तेवढ्यात त्याची बोटं दिसली. सगळ्या टोकांवर बारीक ओरखडे. पाणी नीट आरपार जावं म्हणून त्याने एकेक घासणी हाताने उसवून, सैल करून घातली होती.

तिने घासणी गवतावर टाकली.

"बादली आण. दोन आण. अर्ध्याहून जास्त पाणी बदलायचंय."

"नळाचं चालेल?"

"क्लोरीन असतं. ही बाटली घे, ते मारायला थेंब घालायचे."

"किती?"

"एका बादलीला चार. मोजून."

बाबा मोजत बसला, तोंडाने आकडे पुटपुटत. ती उपसून गवतावर ओतत होती. दुपारपर्यंत दोघांच्या कमरेचे तुकडे पडले.   संध्याकाळी केशरी ठिपक्यांचा आडवा झाला. बाबाने कुंपणाजवळ खड्डा खणला.

रविवारी आई चहाचा कप घेऊन काठावर उभी राहिली. तळ दिसत होता. तिने मासे मोजले.

"पाचवा कुठे?"

अबोलीने बाबाच्या बोटांकडे बघितलं.

"म्हातारा झाला होता," ती म्हणाली.

"नाही," बाबा म्हणाला. "मी तांबं टाकलं. हिने बाकीचे वाचवले."

 आई रात्रपाळीचे डोळे चोळत राहिली.

"बुजवायचं का?" अबोलीने विचारलं.

"पाणी साफ आहे ना? मग राहू दे," आई म्हणाली आणि झोपायला आत गेली.

बाबाने रिकामी बादली उचलली. "आज किती बदलायचं?"

"थोडंच," अबोली म्हणाली. "बस जरा आधी."