हात पोचला तिथवर

माणसांचे फोटो काढून काढून मला माणसांचा वीट आला होता. गोंदियात माझा स्टुडिओ बरा चालायचा, त्याबद्दल तक्रार नाही. पण नवरदेवाला महामुश्किलीने सरळ बसवावं, तर नेमकी तेव्हाच त्याला शिंक येते. मालगुजार विचारतात, पोट जरा कमी करता येईल का? सासवा सुनेला गोरी करून मागतात. एकदा तरी असा फोटो काढायचा की ज्यात औषधालासुद्धा माणूस नसेल, असं मी मनाशी पक्कं केलं. दर हिवाळ्यात कलकत्त्याला फोटोंचं प्रदर्शन भरायचं. तिथे आपलं एक चित्र भिंतीवर लागावं, ही माझी चाळिशीतली हौस. हौस कसली, ध्यासच होता तो. बायको त्याला खूळ म्हणायची.

जागा सापडली ती श्रावणात. देवरीकडे एका बारशाचे फोटो काढून परतताना गाडीवानाने रानातली जवळची वाट धरली, आणि पळसांच्या गर्दीतून लाखेचा एक बंद कारखाना पुढे आला. भाव कोसळल्यावर मालक कुलूप लावून निघून गेले होते. लांबलचक विटांची भिंत शेवाळाने काळी पडलेली, निम्मी कौलं गेलेली, खिडकीतून उंबराचं झाड बाहेर आलेलं, आणि मागे उंच धुराडं. मी गाडीतून उतरलो आणि खुळ्यासारखा बघत राहिलो. ही भिंत शिंकणार नव्हती, गोरी करा म्हणणार नव्हती. पण त्या काळी फोटो काचेवर उतरायचा, आणि माझ्या सगळ्या काचा त्या बारशात खर्ची पडल्या होत्या.

शेजारच्या टोल्यावर, म्हणजे छोट्या वाडीवर, कारखान्यातले जुने कामकरी राहायचे. चैतराम तापलेल्या लाखेचा पत्रा हातांनी, पायांनी आणि दातांनी धरून ताणायचा. दुर्पताबाई आणि जमुना लाख पाखडायच्या. ते तिघं काय हवंय म्हणून बघायला आले. मी मोठ्या रुबाबात सांगितलं, "दिवाळीनंतर येतो. या कारखान्याचा फोटो कलकत्त्याला जाणार. मोठेमोठे लोक बघतील. पण नुसता कारखाना पाहिजे. माणूस एकही नको."

"आमी नाई पायजे का जी?" दुर्पताबाईंनी विचारलं.

"नाही."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि तिघं आल्या वाटेने गेले.

दिवाळी झाली. प्रदर्शनाला फोटो पाठवायची मुदत जवळ आली होती, म्हणजे ही एकच खेप हाताशी होती. कॅमेरा, तिकाटणं, काचांची पेटी असं लटांबर घेऊन मी देवरीपर्यंत मोटारीने आणि पुढे बैलगाडीने गेलो. पळस संपले. समोर बघतो तर भिंत पांढरी.

घरं सारवायची ती पांढरी छुईमाती असते ना, तिने भिंत लिपून काढली होती. गवत उपटलेलं, उंबर छाटलेला, दाराला आंब्याचा टाळा. टोल्यावरची माणसं धुतलेले कपडे घालून हसत उभी. माझं डोकंच फिरलं.

"हे काय करून ठेवलंत?" मी ओरडलो. "कोणी सांगितलं होतं?"

"काऊन, काय झालं?" दुर्पताबाई काही भ्यायल्या नाहीत. "फोटो काढाचा म्हणल्यावर तोंड धुतेच ना जी माणूस. आमी कारखान्याचं तोंड धुवून देलो. कलकत्त्याचे लोक पायतीन, त काय म्हणतीन? हे लोक असेच रायतेत का?"

मी गाडीच्या जुवावर जाऊन बसलो. वाईट वाटत होतं, खूपच वाईट वाटत होतं. जमुनाने पाण्याचा तांब्या आणून दिला. मी तोंड फिरवलं, मग तहान लागली होती म्हणून प्यायलो.

"सरका सारे बाजूले," दुर्पताबाईंनी हुकूम सोडला. "बाबूजीले रिकामा कारखाना पायजे." आणि ती सगळी नटलेली मंडळी निमूटपणे माझ्या कॅमेऱ्यामागे येऊन उभी राहिली. एकानेही कुरकुर केली नाही. मला माझ्या ओरडण्याची लाज वाटली.

एवढं लटांबर आणलंच आहे म्हणून मी काळं कापड डोक्यावर घेतलं. आत काचेवर चित्र उलटं दिसतं. वर जमीन, खाली आभाळ. त्यात एक गोष्ट दिसली, जी रागाच्या भरात सुटली होती. भिंत पुरती पांढरी नव्हतीच. शिडी कुणाकडे नसावी. ज्याचा हात जिथवर पोचला, तिथवर पांढरं. त्याच्यावर जुना काळा कारखाना जसाच्या तसा. पांढऱ्याची कड कुठे उंच, कुठे ठेंगणी, आणि कडेला बोटांचे फराटे. इतकं सुंदर काही माझ्या काचेवर कधी आलं नव्हतं. मी कापडाखाली एकटाच हसलो, काच चढवली आणि भिंगावरचं झाकण काढलं.

कलकत्त्याला बक्षीसबिक्षीस काही मिळालं नाही. फोटो जिन्याजवळच्या भिंतीवर लागला होता, असं तिकडून आलेल्या एका परिचिताने सांगितलं. मी त्या दिवशी जिलबी आणली.

उन्हाळ्याच्या तोंडाशी फोटोची एक मोठी प्रत घेऊन मी टोल्यावर गेलो. चैतरामने ती ओट्यावर ठेवली, सगळे भोवती वाकले. मग ठेंगण्या जमुनाने एका ठिकाणी बोट टेकवलं, जिथे पांढरं सगळ्यात कमी चढलं होतं.

"हे मी," ती म्हणाली.

"अन् हा माहा हात," दुर्पताबाईंचं बोट बरंच वर गेलं. "पाय ना चैतराम, तुह्यापेक्षा उच्चा आहे."

"तू त टोपलं पालथं घालून चढली होती!"

मग जो तो आपापली जागा शोधायला लागला. दुर्पताबाई माझ्याकडे वळल्या.

"तुमी त म्हणत होते, माणूस एकही नको."

"म्हणत होतो खरं."

"मंग आमी सारेच आलो ना जी!"

"आलात," मी म्हणालो, आणि मला कोण आनंद झाला.