ठेचलेला बैल

निर्णा गावातल्या पिठाच्या गिरणीवर मंगल ज्वारीचा डबा घेऊन उभी होती, आणि काशप्पाच्या तोंडाचा पट्टा काही थांबत नव्हता. गावातले गोऱ्हे ठेचून, म्हणजे खच्ची करून, त्यांचे बैल करायचं काम या माणसाचं. त्यामुळे नसबंदीतलं सगळं आपल्यालाच कळतं, अशी त्याची घमेंड. मंगलच्या नवऱ्यानं, रत्नपालनं, सहा महिन्यांपूर्वी भालकीला जाऊन नसबंदी करून घेतली होती.

"रत्नपाल आता नुसता औताचा," काशप्पा खिदळला. "रातभर घोरणंच ऐकायलीस न्हवं?"

मंगलला त्या तोंडाची किळस आली. माणूस आणि गोऱ्हा यांतला फरक न कळणारा हा शहाणा! पाळी चुकायची धास्ती गेल्यापासून ती आणि रत्नपाल नवं लग्न झाल्यासारखे एकमेकांच्या मिठीत झोपत होते. पण हे याला सांगायचं? तेवढी त्याची लायकी नव्हती.

"अण्णा, तुमी जनावराचं बघा," ती एवढंच म्हणाली.

तेवढ्यात पीठ भरत बसलेली काशप्पाची बायको शरणम्मा उठली. नवऱ्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही.

"ठेचलेला बैल निदान औत तरी ओढतोय गं मंगल. आमच्या घरचा न ठेचताच घोरायलाय."