इस्त्री ‘जातो’ म्हणाला

शनिवारच्या सामन्यापासून आमच्या लाँड्रीत एकाच शब्दावर काथ्याकूट चालला होता, आणि तो शब्द होता ‘जातो’. ऐकून ऐकून माझे कान किटले होते. गिऱ्हाईक आत आलं, शर्ट काउंटरवर टाकला, की पहिला प्रश्न डागाबद्दल नाही, तुटक्या बटणाबद्दल नाही. असा कसा जातो म्हणाला हो तो? जसं काही त्याने आम्हाला विचारून म्हटलं होतं.

तो म्हणजे इस्त्री. आमच्या फुटबॉल क्लबचा मधल्या फळीतला खेळाडू. खरं नाव लांबलचक आणि परदेशी, मैदानावरच्या निवेदकाचीसुद्धा जीभ अडखळायची. ‘इस्त्री’ हे नाव बाबांनी ठेवलं. त्याच्या पहिल्याच सामन्यात बाबा स्टँडमधून ओरडले होते, की बघा, बाकीच्यांनी खेळाचा पार चोळामोळा केलाय आणि हा एकटा निवांत इस्त्री फिरवतोय. शेजारचे हसले, पुढच्या सामन्याला मागच्या रांगेने नाव उचललं, आणि हंगाम सरायच्या आत सगळं मैदान ‘इस्त्री, इस्त्री’ करत दणाणायला लागलं. तेव्हापासून बाबांची कॉलर जी ताठ झाली ती झालीच. आमच्या धंद्यात कॉलर ताठ लागतेच म्हणा.

आता त्याला कुठल्याशा बड्या क्लबने उचललं होतं. शनिवारचा सामना त्याचा शेवटचा. सामना संपल्यावर त्याच्या हातात माइक दिला. त्याने आपल्या मोडक्यातोडक्या बोलीत आभार मानले, आमच्या स्टँडकडे बघून हात हलवला आणि म्हणाला, “जातो.” संपलं. निघताना कुणी जातो म्हणतं का? आपण शेजारच्या घरी वाटीभर साखर मागायला उठलो तरी येतो म्हणून उठतो.

मास्तरांचं म्हणणं, परका माणूस आहे, क्रियापदात घसरला. मास्तर गणित शिकवतात पण व्याकरणावर बोलायची त्यांना भारी हौस. समोरच्या बेकरीवाल्या काकूंचं म्हणणं, घसरला बिसरला काही नाही, मोठं घर मिळालं की जुनं दार कोण बघतो. बाबा दोघांचं ऐकून घ्यायचे आणि इस्त्री आपटल्यासारखी ठेवून म्हणायचे, “त्याला सगळं कळतं. मी शिकवलंय त्याला.”

ते मात्र खरं होतं. नवीन आला तेव्हा इस्त्री बेकरीच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायचा आणि कपडे घेऊन स्वतः आमच्याकडे यायचा. गुडघ्यावर गवताचे हिरवे डाग, चेहरा ओशाळा. निघताना जातो म्हणायचा. बाबांनी एकदा त्याला दारातून परत बोलावलं आणि बजावलं, की जातो म्हणायचं नाही, येतो म्हणायचं. त्याने मान डोलावली, येतो म्हणाला, गेला. थोड्या वेळाने दाराची घंटा वाजली. बाबा बघतात तर हा उभा. आलो, म्हणाला. बाबांना वाटलं काही विसरला असेल. छे. पुन्हा येतो म्हणून गेला, आणि पुन्हा हजर. असं कितीदा झालं. जिने चढून उतरून त्याचा जीव मेटाकुटीला आला, तेव्हा काकूंनी त्याला धरून विचारलं. पठ्ठ्याला वाटलं होतं, येतो म्हटलं की यावंच लागतं. शब्द दिलाय ना.

बाबा त्या दिवशी पोट धरधरून हसले. मग त्याला नीट समजावलं, की हे नुसतं म्हणायचं असतं. पण त्याने काही ते सोडलं नाही. पुढे मैदानाजवळ मोठ्या घरात राहायला गेला, तरी येतो म्हणून निघाला की आज ना उद्या दारातून डोकावायचा, आलो म्हणायचा आणि पळायचा. बाबा ही गोष्ट ज्याला त्याला सांगत सुटायचे.

मला हा सगळा विषय आता नकोसा झाला होता आणि त्याला कारण होतं. मलाच जायचं होतं. लांबच्या शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयाची स्वतःची लाँड्री आहे. चादरी, गाऊन, पडदे, रोज डोंगराएवढे. तिथे देखरेख करायला मला बोलावलं होतं. शुक्रवारपर्यंत हो की नाही ते फोनवर सांगायचं होतं, आणि बाबांना मी अजून ताकास तूर लागू दिली नव्हती. कशी देणार? बाबांचा उजवा खांदा गेल्या वर्षापासून आखडलेला. मोठ्या प्रेसचं झाकण त्यांना वर उचलवत नाही, ते मी उचलते. पोरीच्या जिवावर चाललंय दुकान, असं ते प्रत्येक गिऱ्हाइकाला अभिमानाने सांगतात, आणि मी पाठ फिरवून हँगर मोजल्याचं सोंग करते. मला जायचं होतं, अगदी मनापासून. तीच वाफ, तोच रस्ता, काउंटरवर तीच तोंडं. माझा जीव उबून गेला होता. हे मी त्यांना म्हणणार होते का?

त्यात ही मंडळी. वाढवलं, नाव दिलं, आणि पंख फुटल्यावर भुर्र, असं मास्तर सोमवारी म्हणाले. म्हणाले इस्त्रीला, झोंबलं मला. मी हातातली इस्त्री तशीच टेकवून दातओठ खात उभी राहिले आणि मास्तरांच्याच शर्टाच्या पाठीवर तपकिरी त्रिकोण उमटला. बाबांनी मला काही म्हटलं नाही. मास्तरांना म्हणाले, पोरीचंही मन त्या हरामखोराने मोडलंय हो. मला हसावं की डोकं आपटावं कळेना.

बाबांनी प्रेसच्या वरचा त्याचा फोटो काढून टाकला होता. भिंतीवर मोकळा खिळा आणि स्वच्छ चौकोन राहिला. पण त्याचा करडा सूट दुकानात होता. शेवटच्या सामन्याच्या आधी तो टाकून गेला होता. बाबांनी तो स्वतःच्या हाताने, खांदा दुखत असताना, दोनदा वाफ देऊन केला आणि बाकीच्या कपड्यांत न अडकवता दाराजवळच्या दांडीवर एकटाच लावला. शिव्या चालू, पण घंटा वाजली की मान दाराकडे. कोण आलंय ते बघायचं, पुन्हा खाली बघायचं. मी एकदा विचारलं, कुणाची वाट बघताय? कुणाची नाही, म्हणाले. थोड्या वेळाने स्वतःशीच पुटपुटले, कोट आहे ना इथे, येईल.

ते ‘येईल’ ऐकलं आणि मी मोजलेले हँगर पुन्हा मोजायला घेतले. हा माणूस उद्या माझीपण अशीच वाट बघणार.

गुरुवारी दुपारी घंटा वाजली तेव्हा दुकानात मास्तर होते, जळका शर्ट घेऊन हुज्जत घालायला आलेले. काकू बेकरीचे ॲप्रन टाकायला आल्या होत्या. दारात क्लबच्या गाडीचा ड्रायव्हर. इस्त्री सकाळच्याच विमानाने गेला, म्हणाला, सूट पार्सलने पाठवायचाय. सगळ्यांना नमस्कार सांगितलाय. बाबांनी सूट उतरवला, बाह्या आत दुमडल्या, वरून प्लास्टिक चढवलं, खाली गाठ मारली. गाठ मारायला त्यांना फार वेळ लागला. ड्रायव्हर सूट खांद्यावर टाकून निघाला आणि दारातून म्हणाला, येतो हं.

“बघा,” बाबा म्हणाले. “ह्याला मी ओळखतसुद्धा नाही, तो येतो म्हणतो. आणि त्या गद्दाराला एवढंसं तोंडातून काढवलं नाही.”

काकू म्हणाल्या, जाऊ द्या हो. मास्तर म्हणाले, मी तर आधीच म्हटलं होतं, जे त्यांनी अजिबात म्हटलं नव्हतं. आणि माझं डोकं फिरलं. हातातलं प्रेसचं झाकण मी सोडलं ते धाडकन पडलं.

“खोटं बोलला असता तर चाललं असतं तुम्हाला?” मी म्हणाले. “तो येतो म्हणायचा आणि यायचा. दर वेळी यायचा. तुम्हीच जगाला हसून सांगत होता ना? आता त्याला यायला जमणार नाही, म्हणून तो म्हणाला नाही. आपण सगळे उठसूट येतो म्हणतो आणि फिरकत नाही. एक तो खरं बोलला, तर तोच गद्दार?”

मी तिथेच थांबायला हवं होतं, पण माझी गाडी एकदा उताराला लागली की लागली.

“मलाही जायचंय, बाबा. नोकरी मिळतीये. उद्या कळवायचंय. आता मलाही म्हणा गद्दार.”

मास्तरांनी जळका शर्ट बगलेत मारला आणि भरपाईचं नावसुद्धा न काढता सटकले. काकू ॲप्रनचा गठ्ठा ठेवायचा सोडून परत घेऊन गेल्या. जाताना दोघांनीही ना येतो म्हटलं ना जातो.

बाबा स्टुलावर बसले. मला वाटलं आता भडका उडेल, आणि उडावा असंच वाटत होतं, म्हणजे मलाही भांडता आलं असतं. ते भांडलेच नाहीत. कुठे, एवढंच विचारलं. मी सांगितलं. मग विचारलं, तिथे प्रेस कसली आहे. मी म्हटलं, मोठी, चादर एका बाजूने घातली की दुसऱ्या बाजूने घडी होऊन येते. झाकण उचलावं लागत नाही? नाही, म्हटलं. बरं आहे, म्हणाले, तुझी पाठ वाचेल. माझ्या खांद्याचं काय, हे त्यांनी विचारलंच नाही. मला त्याचाच जास्त राग आला आणि मी मागच्या खोलीत जाऊन ओल्या टॉवेलांच्या ढिगाशी बसून रडले.

शुक्रवारी मी फोन करून हो म्हटलं. पुढच्या आठवड्यात बाबांनी दारावर पाटी लावली, की यापुढे चादरी आणि पडदे घेतले जाणार नाहीत. मोठी प्रेस बंद. तिच्यावर जुनी चादर घालून ठेवली, आणि दुकान एकदम रिकामं दिसायला लागलं. शर्ट-पँटी तेवढ्या हाताने करायच्या, निम्मा दिवस काकूंची भाची येणार असं ठरलं. इस्त्रीचा फोटो काही परत भिंतीवर आला नाही, पण शिव्या थांबल्या. त्या खिळ्याला बाबा आता आपली टोपी अडकवायला लागले होते. नव्या क्लबकडून तो कसा खेळला ते मास्तर पेपरातून वाचून दाखवायचे आणि बाबा ऐकत नसल्यासारखं ऐकायचे.

निघायच्या दिवशी सकाळी बॅग घेऊन मी दुकानात शिरले. बाबा कॉलरवर पाणी शिंपडत होते. काय बोलायचं ते मी दोन दिवस घोकलं होतं. मागच्या खोलीचा फाटका पडदा शिवून घ्या, खांद्याला शेक घ्या, जेवणाची हेळसांड नको. ऐन वेळी सगळं विसरले आणि रोजचंच तोंडातून निघालं.

“येते, बाबा.”

त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली.

“जाते म्हण,” ते म्हणाले.

मला वाटलं, राग अजून आहे. मी काहीतरी खरमरीत बोलणार, तोच त्यांनी हात वर केला.

“तू येते म्हणालीस तर मी वाट बघत बसेन गं. संध्याकाळी शटर ओढवणार नाही मला. तुला तिकडे शंभर कामं असतील, आपणहून यायला कधी जमेल कुणास ठाऊक. तू जाते म्हण. म्हणजे मी वेळेवर घरी जाईन, जेवेन, झोपेन.”

हा शब्द मी जन्मात त्यांना म्हटला नव्हता. दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. ते थांबून राहिले, एखादा टाका सुटलाय का बघावा तसे माझ्याकडे बघत. शेवटी मी म्हणाले एकदाची, जाते. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा कॉलर हातात घेतली.

मी बाहेर पडले. बेकरीवरून गेले, कोपऱ्यापर्यंत गेले. आणि माझे पाय काही केल्या पुढे पडेनात. एवढी हौस होती ना जायची, मग जा की, असं स्वतःला दटावलं. काही उपयोग झाला नाही. बॅग ओढत उलटी फिरले. काकू बेकरीच्या दारातून बघत होत्या, त्यांच्याकडे मी बघितलंच नाही. घंटा वाजली. बाबा होते तिथेच होते, कॉलर हातात, इस्त्री अजून उभीच.

“आले,” मी म्हणाले.

ते माझ्याकडे बघत राहिले. मग हसायला लागले, पूर्वीसारखं, पण खांद्यात कळ गेली म्हणून तो दुसऱ्या हाताने धरून. हसता हसता डोळे पुसले, आणि माझ्या बॅगेकडे बोट दाखवून म्हणाले, येडपट, आता पळ, बस चुकेल.

बस चुकलीच. पुढच्या बसने गेले.