सोकिर नावाचे जनुक आणि मी

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. लेनिनग्राडच्या कारखान्यात माझी भिंगे घासली गेली आणि रेल्वेने मी अल्माटीच्या एका प्रयोगशाळेत आलो. कुल्याश आपाय (तिकडे बाईंना आदराने आपाय म्हणतात) तेव्हा नुकत्याच नोकरीला लागल्या होत्या.

आमचे काम कोंबडीच्या अंड्यांचे. आपाय कवचाला छोटी खिडकी पाडत आणि मी आत डोकावे. दुसऱ्या दिवशी गर्भाच्या मेंदूला दोन बाजूंना फुगवटे येत. मग त्यांच्या वाट्या होत, वाटीच्या तोंडाशी इवलेसे भिंग तयार होई. चौथ्या दिवशी काळाभोर ठिपका दिसे. "बघतोय बरं का माझ्याकडे!" आपाय हसत. मीही भिंगाचा, तोही भिंगाचा. मला तो धाकटा भाऊच वाटे. किती छान दिवस होते ते!

पुढे कळले, की एका जनुकाने हुकूम सोडल्याशिवाय डोळा सुरूच होत नाही. ते बिघडले तर पिल्लू आंधळे. म्हणून आमच्याकडे त्याला 'सोकिर', म्हणजे आंधळा, म्हणू लागले. जनुक बिघडल्यावर जे होते तेच त्याचे नाव, अशी या जनुकशास्त्रज्ञांची रीत.

मग पडद्यावर चित्र दाखवणारे नवे यंत्र आले. मी कोपऱ्यात गेलो.

निवृत्तीच्या वर्षी आपायनी शेवटचा प्रयोग मांडला. अकरा अंड्यांत, गर्भाच्या डोक्याच्या फक्त उजव्या बाजूला त्यांनी ते जनुक बंद केले. डावी बाजू तुलनेसाठी तशीच ठेवली. ट्रेवर चिठ्ठी लावली, 'सोकिर बंद'. चौथ्या दिवशी त्यांना बैठकीला बोलावणे आले. "खराब झालेली तेवढी काढून टाक," असे नव्याने आलेल्या मदतनीस झेइनेपला सांगून त्या गेल्या. नवे यंत्र दुसऱ्या कामात गुंतलेले होते, म्हणून ती माझ्याकडे आली.

झेइनेपने चिठ्ठी वाचली. आंधळेपण बंद, म्हणजे डोळे असायलाच हवेत! गर्भ डाव्या कुशीवर झोपलेला असतो, म्हणून तिला उजवी बाजूच दिसली. तिथे डोळा नव्हता. एकेक गर्भ ती ब्लीचच्या बादलीत टाकू लागली. मी सगळे स्वच्छ दाखवत होतो, पण मला बोलता कुठे येते?

सात गेल्यावर आपाय आल्या.

"अगं, थांब! काय करतेस?"

"आपाय, सगळे बिघडलेत. एकालाही डोळा नाही."

आपायनी बादली बाजूला सरकवली. मग त्यांनी चिमट्याने आठवा गर्भ हळूच उलटा केला. "आता बघ."

डावीकडे काळाभोर ठिपका होता.

"म्हणजे सोकिर डोळा *करतं*?" झेइनेप रडकुंडीला आली. "मग असलं नाव का ठेवलं?"

"माझ्या मामाचं नाव कुशिक. कुत्र्याचं पिल्लू! दृष्ट लागू नये म्हणून आजीनं ठेवलं. शाळेचा मुख्याध्यापक झाला तो. वर्गात काय भुंकत होता? ऊठ, बोताम, ऊठ माझ्या लेकरा, डोळे पूस. चार उरलेत, त्यांची चित्रं काढ."

चारांवर काही सिद्ध होत नाही. आपाय काम अर्धवट सोडून निवृत्त झाल्या. पुढच्या वसंतात झेइनेपने ते नव्या यंत्रावर पूर्ण केले, आणि शोधनिबंधावर आपायचे नाव पहिले घातले.

मी आता कपाटात आहे. अंगावर 'निकामी' अशी चिठ्ठी आहे. मित्रांनो, चिठ्ठी वाचून निघून जाऊ नका. माझी भिंगे पुसा आणि एकदा डोळा लावून बघा.