टाचा टेकेपर्यंत

दुपारी एकच्या सुमाराला राखीच्या अंगालाच वेळ कळायची. आधी दंडातून मुंगी चालत गेल्यासारखं व्हायचं, मग छाती भरून यायची, आणि नेमकी तेव्हाच पाळण्यातली सहा महिन्यांची सोनू डोळे न उघडता ओठ हलवायला लागायची. दोघींच्या मधे कुठेतरी एक दोरी होती आणि ती दोन्ही टोकांना एकदमच ओढली जायची.

सोमवारी राखीची रजा संपत होती. ती नर्स होती. तिचं आरोग्य उपकेंद्र तांड्यापासून नऊ किलोमीटरवर, मधे एक छोटा घाट. एसटी सकाळी सातला जायची ती संध्याकाळी सातलाच परतायची. सोनू बाटली तोंडात घेत नव्हती, वरणाचं पाणी जिभेनं बाहेर ढकलत होती. दुपारी मोटरसायकलवर घरी येऊन पाजून जाता आलं, तर नोकरीही राहील आणि दूधही. नाही आलं, तर दोन्हींतलं एक सुटणार. उपकेंद्रातल्या बेबीताईंनी फोनवर सांगितलंच होतं, "एक ते सव्वादोन मी सांभाळीन व. तू फक्त गाडीवर येजो."

गाडी होती. राजकुमारची, तिच्या नवऱ्याची. तो वणीला कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर, महिन्यातून एकदा घरी यायचा, म्हणून गाडी तांड्यातच राहायची. दोन वर्षं राखीनं ती पोटात सोनू येईपर्यंत चालवली होती. लसीचा डबा मागे बांधून या पाड्यावरून त्या पाड्यावर. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी गेली आणि सोनूला घेऊन परतली, तर गाडी अंगणात नवरीसारखी नटून उभी होती. सासूनं, हंसाबाईनं, सीटवर भरतकामाची जाड गादी शिवून बसवली होती. सासूला ती याडी म्हणायची. तांड्यात आईला म्हणतात तसंच.

आणि मागच्या रविवारी, बाळंतपणानंतर पहिल्यांदा गाडी काढली, तर राखी हापशीपाशी पडली.

पडली म्हणजे काय, थांबली, पाय खाली सोडला आणि पायाला जमीनच सापडली नाही. जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं वाटावं आणि नसावी, तसं झालं. गाडी हळूच कलली आणि तिला घेऊन आडवी झाली. हापशीवरच्या बाया आधी हसल्या, मग धावल्या. शेजारचा भावसिंग गाडी उचलता उचलता म्हणाला, "वयनी, पोरीले झोपवता झोपवता गाडीलेही झोपवली काय?"

लागलं नव्हतं. पण सासऱ्यांनी, रामलालनी, ओट्यावरून निकाल दिला. "बाळंतपणात बाईची कंबर उतरते. पाय आखूड पडते."

"पाय कसे आखूड पडतील, बापू?"

"तं मंग जमीन खोल गेली काय?"

सगळे हसले. राखीही हसली, पण ते बोलणं तिच्या मनात रुतून बसलं. शरीर पुन्हा जागेवर येतं, धीर धरा, असं तिनं स्वतः किती बायांना सांगितलं होतं. आता आंघोळ करताना तिला आपलं अंग दुसऱ्या कुणाचं धुवायला आलेलं लुगडं वाटायचं. ओळखीचं, पण आपलं नाही. दुपारी सोनूला पाजता पाजता डुलकी लागली की एकच स्वप्न पडायचं. गाडी उंच बैलासारखी सागाच्या जंगलातून चालली आहे, पानगळीचा आवाज खूप खालून येतो आहे, आणि तिचे पाय पाण्यात सोडल्यासारखे हलत जमीन शोधताहेत. जाग यायची तेव्हा सोनू पिऊन झोपलेली असायची आणि राखीच्या पायांची बोटं खरंच ताणलेली असायची.

शनिवारी सकाळी सोनूला याडीजवळ ठेवून ती फाट्यावरच्या उकंडा मिस्त्रीकडे गेली. कशी गेली तर थांबायचं झालं की रस्त्याकडेचा दगड नाहीतर बांध शोधत. एक पाय त्यावर टेकवायचा, दुसरा हवेत.

उकंडा मिस्त्री साठीचा माणूस. गाडी पाहायच्या आधी माणूस पाहायचा. सगळं ऐकून घेतलं आणि हाताखालच्या कारागिराला हाक न मारता स्वतःच गाडी सरळ धरून उभा राहिला.

"बसा ताई. डोळे मिटा."

"कायले?"

"मिटा तं खरं. आता हात समोर करा. हँडल शोधू नका. हात जिथं आपसूक पडतील तिथं पडू द्या."

राखीनं डोळे मिटले. सकाळचं ऊन पापण्यांवर केशरी झालं. हात पुढे गेले आणि हवेतच कुठेतरी सुखानं थांबले. उघडून पाहिलं तर हँडल तिथून चांगलं वीतभर पुढे होतं.

"पाह्यलं? हे राजकुमारच्या हातांचं हँडल हाय. तो ताडाचं झाड. तुम्ही दोन वर्ष वाकून वाकून चालवून राह्यल्या, अन् समजून राह्यल्या का पाठ दुखतेच."

त्यानं पाना लावून बोल्ट ढिले केले, हँडल तिच्याकडे ओढून घेतलं. क्लचची मूठ थोडी खाली वळवली. "मनगट मोडलं नाही पायजे. खांद्यावर पाणी ओतलं तं बोटापर्यंत सरळ वाहत गेलं पायजे." मागच्या ब्रेकचं पेडल खाली घेतलं, मागचे शॉकअप एक घर नरम केले. प्रत्येक वेळी डोळे मिटायला लावायचा. एकदा राखीला बसल्या बसल्या खरंच झोप लागली. मिस्त्री गाडी धरून तसाच उभा राहिला. बारकं पोर घरी असलेल्या बाईची झोप त्याला ओळखता येत असावी.

"आता पाय," तो तिला जाग आल्यावर म्हणाला.

पाय सोडले. चवडेसुद्धा नाहीत, नुसती बोटं टेकली.

मिस्त्रीनं खाली पाहिलं, वर पाहिलं. मग गादीची कड चिमटीत धरली, दाबली. बोटं कापसात बुडाली. "ताई, उतरा." त्यानं खालचे बंद सोडले, गादी उचलून बाकड्यावर ठेवली. "आता बसा."

राखी उघड्या सीटवर बसली. दोन्ही पाय, टाचांसकट, जमिनीवर आले. इतके अलगद, की ती उगाच पाय उचलून पुन्हा टेकवून पाहत राहिली. एकदा. दोनदा. तिचे डोळे भरून आले. अंग कुठे गेलं नव्हतं. कंबर उतरली नव्हती. ती तेवढीच होती, जेवढी होती.

"बाळंतपणाचा काही दोष नाही," मिस्त्री म्हणाला. "दोष चार बोटं कापसाचा हाय. कोणं शिवलं?"

राखीनं सांगितलं नाही. बाकड्यावर गादी ऊन खात पडली होती. कडांना भिंगं आणि कवड्या, मधे लाल-निळी नक्षी. याडीनं ती आपल्या लग्नातला फेटिया, तो घेरदार घागरा, कापून शिवली होती. सून माहेरी असताना, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधून, पाच महिने. तांड्यातल्या बाया ती पाहायला येत होत्या. त्यांतल्या ममतानं तर नवऱ्याच्या गाडीसाठी अशीच मागितली होती.

येताना राखी गादी मागे बांधून उघड्या सीटवरून आली. हात आपसूक पडत होते, पाय वाटेल तिथे टेकत होते. पण बाळंतपणातल्या टाक्यांची जागा अजून कच्ची होती, आणि प्रत्येक खड्डा तिथे जाऊन बसत होता. तरी चालेल, तिनं ठरवलं. गादी तांड्याबाहेर काढायची, तांड्यात शिरताना चढवायची. याडीला कळायचं कारण नाही.

तांड्याच्या आधीच्या वळणावर बोरीच्या झाडाखाली तिनं गाडी लावली, गादी सोडवली आणि बंद बांधायला वाकली.

"उलटी बांधून राह्यली," मागून आवाज आला. "कवड्या समोर येते."

याडी. कडेवर सोनू. पोर रडत होती म्हणून फिरवत इथवर आली असणार. राखीच्या हातात गादी तशीच राहिली.

"धूळ लागत होती, याडी, म्हणून..."

"हाव. धूळ." हंसाबाईनं सोनूला तिच्याकडे दिलं, गादी तिच्याकडून घेतली आणि पुढे चालायला लागली.

त्या संध्याकाळी भाकरी थापल्याचा आवाज तेवढा घरात होता. रामलालनी दोनदा "काय झालं?" विचारलं आणि दोन्ही वेळा त्यांना फक्त भाजी वाढली गेली. राखीनं मनाशी पक्कं केलं, उद्या सगळं सांगून टाकायचं. मग वाटलं, काय सांगायचं? तुमच्या मायेनं मी पडले?

रविवारी सकाळी अंगणात आली, तर याडी गादी उलटी करून शिवण उसवत होती.

"याडी, नका ना! मी एसटीनं जाईन."

"अन् पोरगी काय खाईन, तिकीट?" हंसाबाईनं मान वर केली नाही. "मिस्त्रीनं काय सांगितलं ते सांग. खरं."

राखीनं सांगितलं. चार बोटं. टाचा. मग खड्डे कसे लागतात तेही.

हंसाबाई दोरा ओढत राहिली. मग म्हणाली, "आपले जुने लोक बैलावर मीठ वाहत. गोणीच्या खाली गादी टाकत. माही दादी सांगे, गादी बैलाची पाठ पाहून भरा लागते, नाही तं त्याची कातडी सोलते अन् तो बोलत नाही. मले सारं मालूम होतं." तिनं उसवलेला दोरा बाजूला टाकला. "तू माहेरी होती ना. म्या राजकुमारले बसवलं अन् माप घेतलं. ज्याची गाडी त्याचं माप. बसणारी कोण, ते इसरली."

"मी बी बोलली नाही, याडी."

"बैलासारखी," हंसाबाई म्हणाली, आणि पहिल्यांदा हसली. "बस आता गाडीवर."

भावसिंगनं मागून आणि रामलालनी हँडलकडून गाडी सरळ धरली. सोनूला पोत्यावर बसवलं. हंसाबाई जमिनीशी गाल लावून राखीच्या पायांकडे पाहायची, मग उठून गादीतून मूठभर कापूस काढायची, थापटायची, पुन्हा बसवायची.

"आता?"

"बोटं."

आणखी एक मूठ.

"आता?"

"चवडा टेकला."

"टाच?"

"टाच नाही."

मूठ मूठ कापूस पोत्यावर पडत होता. सोनू त्यात हात घालून बसली, तिच्या भुवयांवर, ओठांवर पांढरे तंतू चिकटले. राखीला वरून ते सगळं दूर, खाली, कुठल्यातरी ढगात चाललं आहे असं वाटत होतं, आणि तीच हळूहळू त्या ढगातून खाली उतरत होती, मुठीमुठीनं, घराच्या अंगणाकडे.

"बाया हो," रामलाल म्हणाले, "माह्या हातातले गोळे कोण काढीन?"

"धरा चुपचाप. पाय आखूड पडले म्हणत होते ना? पाय नाही, गादी पुढून रुंद हाय. मांड्या फाकल्या का पाय वर राह्यते." हंसाबाईनं गादीचा पुढचा भाग चिमटून आत घेतला, कच्चा टाका घातला. मागे, बसायच्या जागी, कापूस काढला नाही. उलट एक मूठ परत भरली. "इथं राहू दे. तुह्या टाक्यायसाठी."

मग ती पुन्हा खाली बसली आणि राखीच्या टाचेखाली आपला तळहात सरकवायला गेली. सरकला नाही. दुसऱ्या बाजूनं पाहिलं. तिथेही नाही.

"हात जाऊन नाही राह्यला," ती म्हणाली. "बस. झालं."

सोमवारी एक वाजून पाच मिनिटांनी राखी घाट उतरत होती. पळस फुलला होता आणि दुपारी त्याचा रंग रस्त्यावरही सांडल्यासारखा वाटत होता. शेवटच्या वळणावर कापसानं भरलेली बैलगाडी आडवी फसली होती, आणि नेमका तिथेच उतार. राखीनं ब्रेक दाबला. पाय सोडले. दोन्ही टाचा डांबरावर आल्या आणि गाडी तिच्या मांड्यांमधे पाळीव जनावरासारखी उभी राहिली.

गाडीवान म्हणाला, "पाच मिनिटं लागतीन, बाई."

"लागू द्या."

ती उभी राहिली. वाऱ्यानं सागाची मोठी पानं रस्त्यावर खरडत नेली. दंडातून मुंगी चालत गेली, मग पोलकं ओलं झालं. म्हणजे तिकडे ओठ हलायला लागले असणार. तिला घाई वाटली नाही. पायांखाली रस्ता होता, रस्त्याच्या टोकाला पोर होतं, आणि मधली दोरी ताणलेली असली तरी तुटणार नव्हती.

बैलगाडी निघाली. राखी घरी पोचली तेव्हा सोनूच्या रडण्याचा आवाज गल्लीपर्यंत येत होता. हात धुवून तिनं ओट्यावरच मांडी घातली, पदर ओढला. रडणं एकाएकी थांबलं आणि घटाघट आवाज सुरू झाला.

हंसाबाई तिच्याकडे आलीच नाही. ती सरळ गाडीपाशी गेली, गादीची शिवण बोटानं चाचपत राहिली. "डावीकडून दबली थोडी. काहून? तू एकाच बाजूनं बसते काय?"

"सव्वादोनले पोचायचं हाय, याडी. रविवारी पाहू."

"मंग पाज ना व तिले," हंसाबाई पाठ न वळवता म्हणाली. "बोलून काहून राह्यली?"