पंचवीस मिनिटे पुढे

मी एक जुने, भिंतीवरचे घड्याळ आहे. माझी काच तडकली आहे, पण चाल अजून चोख आहे. हे मी अभिमानाने सांगत नाही, मित्रांनो. चोख चालत होतो, तेव्हाच ते घडले.

सोमाजीभाऊंनी मला चामोर्शीच्या आठवडी बाजारातून जंगलाला लागून असलेल्या आपल्या गावी आणले. भाऊ जिवाला जीव देणारे, पण त्यांचे 'आलोच' म्हणजे अर्ध्या तासाची निश्चिंती! दोनदा एसटी चुकल्यावर त्यांनी बाजारातल्या घड्याळवाल्या नवाबभाईंकडून मला पंचवीस मिनिटे पुढे करून घेतले. नवाबभाई म्हणाले, "सोमाजीभाऊ, घड्याळाले खोटं बोलाले काऊन शिकवता?" सगळे हसले. मला मात्र ते लागले.

आठ दिवस भाऊ वेळेवर निघाले. मग ते पंचवीस मिनिटे वजा करायला शिकले आणि पुन्हा पहिल्यासारखे झाले.

मार्चमध्ये मोहफुले गळू लागली. आमच्याकडे मोह एकट्याने वेचत नाहीत. एकाने वाकून वेचायचे, दुसऱ्याने पाठीशी उभे राहायचे. वाकलेला माणूस वाघाला जनावर वाटतो, असे जाणते सांगतात. त्या वर्षी शिवारात रोज पंजे उमटत होते. भाऊंची बायको वच्छलाबाई बायांसोबत निघे, मग जी ती आपापल्या झाडाकडे वळे. भाऊंनी बैलांना चारा घालून सहाला मोहाखाली पोहोचायचे, असे ठरलेले होते.

त्यांच्या मुलीची, दिव्यानीची दहावीची परीक्षा होती. एका संध्याकाळी तिने मला बरोबर लावले. "बाबा, घड्याळ बरोबर केलं मी. पेपर सोडवाले खरा टाइम पायजे." भाऊ सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत होते. "हो हो," म्हणाले. कान तिथे नव्हतेच. मी मात्र सुखावलो. किती वर्षांनी खरे बोलणार होतो!

सकाळी वच्छलाबाईंनी टोपले उचलले. घरातला एकमेव मोबाईल त्यांच्याकडेच असे.

"सहाले याच जी. काल लोहाराच्या शेतात पंजा दिसला म्हणते."

"येतोच."

पावणेसहा वाजले. निघायची वेळ झाली होती. भाऊंनी माझ्याकडे पाहिले. "पाच-वीसच झाले असन," पुटपुटले आणि खाटेवर टेकले. मला ओरडता आले असते तर मी ओरडलो असतो. सहा वाजले. बाहेर कुत्री एकाएकी भुंकायची थांबली.

सव्वासहाला दिव्यानी उठली. "बाबा, तुमी इथीच? सव्वासहा झाले!"

"पुढं आहे ना ते, पोरी."

"नाई बाबा! काल बरोबर केलं ना. तुमाले सांगतलं होतं!"

भाऊ काठी न घेताच धावले.

मोहाखाली अर्धे भरलेले टोपले सापडले. पुढचे मला घरातल्या रडण्यातून कळले. वच्छलाबाई बराच वेळ उभ्या राहून वाट पाहत होत्या, असे शेजारच्या झाडाखालच्या बायांनी सांगितले. फुले गुरे खातील म्हणून शेवटी त्या एकट्याच वाकल्या.

मी आजही बरोबर वेळ दाखवतो. भाऊ माझ्याकडे पाहत नाहीत. मोहाच्या दिवसांत ते सगळ्यांच्या आधी जंगलात जातात आणि दुसऱ्यांच्या बायाबापड्यांच्या पाठीशी काठी घेऊन उभे राहतात. कुणी बोलावलेले नसते.

मित्रांनो, मला पुढे करून कुणी वेळेवर पोहोचत नाही. मला आहे तसे चालू द्या. आणि कुणाला 'येतो' म्हणाल, तेव्हा एवढे आठवा, की तुमच्या त्या शब्दावर कुणीतरी पाठ उघडी टाकून वाकलेले असते.